खार आणि खाण

विकायला काढलेल्या जुन्या अँप्लिफायरचा फोटो बहुतेक समोरूनच काढलेला असतो. चंदेरी पट्टी, गोल बटणं, पेटलेला पिवळा डायल, आणि खाली ठरलेले शब्द: ‘चालू स्थितीत, घरगुती वापर.’ पाठ कुणी दाखवत नाही. गोव्यात तर यंत्राचं सगळं चरित्र पाठीवरच लिहिलेलं असतं.

हरमल, मांद्रे, मोरजीच्या माडांतली पाहुण्यांची घरं एप्रिल सरता सरता रिकामी होऊ लागतात, आणि मोसमभर गच्च आवाजात घुमलेले स्पीकर फोनच्या पडद्यावर येऊन निमूट उभे राहतात. तोवर पेडण्याचा खारा वारा त्यांच्या आत वस्तीला गेलेला असतो: स्क्रूच्या डोक्यांवर गंज फुललेला, वायरींच्या पितळी टोकांवर हिरवट कळंक चढलेला, वूफरच्या कडेचा फोम बोट लागताच भुगा होणारा. डिचोलीकडची यंत्रं वेगळी. मये, शिरगावच्या वाटांवर खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत होते, त्या वर्षांची तांबडी धूळ स्पीकरच्या कापडी जाळीत, बटणांच्या खाचांत, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांमध्ये अजून मुरलेली आहे. २०१२ साली खाणी थांबल्या तरी ती निघाली नाही, आणि आवाजाचं बटण फिरवलं की तीच खरखरते. विकणारा सांगतो, यंत्र मुंबईहून आलं ते थेट कपाटातच गेलं. जाळी सांगते, खिडकी रस्त्याकडे होती.

मी जाळीचं ऐकतो.

म्हणून मी फोटो तिरप्या उजेडात मागतो, संध्याकाळी खिडकीशी धरून काढलेला. समोरून पडलेला फ्लॅश ओरखडे पुसून टाकतो. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असल्या तर कुणीतरी पेटी उघडली होती, हे विचारल्यावाचून कळतं. वास मात्र फोटोत येत नाही. जळक्या रेझिस्टरचा तो करपट, कडसर वास, दुधाचं भांडं तळाशी लागल्यासारखा, समोर जाऊन झाकणाच्या जाळीशी नाक नेल्याशिवाय भेटत नाही. कोनवर चार बोटं ठेवून हलकेच दाबलं की कॉइल घासते की नाही, तेही हातालाच कळतं.

तरी एक गोष्ट मी दुरूनच मागतो. गाणं नको म्हणतो. गाणं लावलं की सगळेच स्पीकर शहाणे होतात. आवाज वर करा, काहीही न लावता, आणि ती शांतता तेवढी रेकॉर्ड करून पाठवा. बरेचजण इथेच उत्तर देणं सोडतात. जे पाठवतात त्यांच्या त्या रिकाम्या मिनिटात काय काय येतं! अर्थिंग नसल्याची अखंड गुणगुण, मागे कावळे, पंख्याची टकटक, कुठूनतरी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, आणि दूर आतल्या खोलीत कुणीतरी खोकल्याचा आवाज. घर येतं. माणूस येतो.

तेरेखोल नदीच्या मुखाशी असलेल्या केरीहून असंच एक मिनिट आलं, आणि शेवटी त्या गृहस्थांनी आपणहून म्हटलं, “उजव्यान आवाज वायच कमी येता हां, बाब.” मी हे विचारलं नव्हतं.

केरी म्हटलं की मला दुसरी केरी आठवते, फोंड्याची, गायिका केसरबाई केरकरांची. ध्वनिमुद्रणाबाबत बाई फार जपून असत, तरी त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांच्या सोनेरी तबकडीवर चढून अंतराळात निघाली, आणि व्हॉयेजर १ सुटल्यावर अकराव्या दिवशी त्या गेल्या. मला ती तबकडी पाठवणाऱ्यांचा प्रामाणिकपणा फार भावतो. कधीच न दिसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिजही दिलं, आणि मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी ती कशी वाजवायची, याच्या आकृत्या आवरणावर कोरल्या. तिथे ना खार, ना खाण. गिऱ्हाईक पैसे देणार नव्हतं, तक्रारही करणार नव्हतं, तरी वाजवण्याचं सामान पुरतं बांधून दिलं. इथे माणसं टर्नटेबल विकताना सुई काढून ठेवतात आणि वर ‘ओरिजिनल’ लिहितात.

कोलवाळचा पूल ओलांडून मी केरीला गेलो. गृहस्थांनी यंत्र आधीच भिंतीपासून ओढून, पाठ माझ्याकडे करून ठेवलं होतं. कळंक होता, गंज होता, एक स्क्रू मुळातच नव्हता. किंमत त्यांनी जाहिरातीपेक्षा कमी सांगितली, मी जाहिरातीतलीच दिली, आणि यावरून आमची जरा वादावादी झाली.