इस्त्रीवालं अंतराळयान

आमच्या प्रोजेक्टवरचा जर्मन सहकारी म्हणजे सायन्स फिक्शनचा पक्का येडा. त्याच्या नादाने मी ‘राउमपात्रुल्ये ओरियन’ ही १९६६ ची मालिका पाहिली. कृष्णधवल, अवघे ७ भाग. गंमत म्हणजे यानाच्या कंट्रोल पॅनेलवर चक्क घरातली इस्त्री बसवलीय!

मी खो खो हसलो. तो म्हणाला, "इस्त्री सोड, जनरल कोण आहे ते बघ."

जनरल लिडिया व्हॅन डाइक. बाई! नायकावर नजर ठेवणारी सुरक्षा अधिकारी तामारा, तीही बाईच. आणि तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत? लग्न झालेल्या बाईने नोकरी करायची ती घरसंसार सांभाळून जमली तरच, असं चक्क कायद्यात लिहिलेलं. हे कलम बदललं १९७७ मध्ये. म्हणजे माणूस चंद्रावर उतरल्यानंतर आठ वर्षांनी!

यंत्रं पटकन बदलतात हो, घरं नाही. आम्ही नवरा-बायको दोघंही आयटीत, पगारही जवळपास सारखाच. तरी पाहुणे पोळ्यांचं कौतुक करतात ते तिच्याकडे बघूनच. पोळ्या मी लाटलेल्या असल्या तरी.

तिथे कलम तरी होतं, बदलता आलं. पाहुण्यांच्या नजरेचं काय करायचं, बोला!