तांबे, थर्मोस्टॅट आणि मुरलेला काळ

१.
मे २००९. ब्रुसेल्सच्या दक्षिणेस असलेल्या बेअर्सेल गावातील एका गोदामात थर्मोस्टॅट बिघडला. गरम हवा सोडणारे यंत्र थांबेचना आणि आतील तापमान सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत चढले. रचून ठेवलेल्या बिअरच्या बाटल्या एकामागून एक फुटू लागल्या. ज्या फुटल्या नाहीत, त्यांतील बिअर अक्षरशः शिजली. सुमारे ८०,००० बाटल्यांचा साठा निकामी झाला. व्यवसायाचे नाव ‘ड्री फोंतेइनन’, म्हणजे ‘तीन कारंजी’; चालकाचे नाव आर्मां डेबेल्डर. आजचा धागा या नुकसानीविषयी आहे, आणि त्याच परिसरात शतकभर आधी झालेल्या एका वेगळ्या नुकसानीविषयीही.

२.
मी बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. पहिल्या महायुद्धात जर्मन लष्कराने व्यापलेल्या बेल्जियममधून धातूंची जी जप्ती केली, तो माझ्या प्रबंधाचा विषय. त्या वाटेने मी ब्रुअऱ्यांपर्यंत पोहोचले, कारण तांबे तिथे होते. आईने फोनवर विचारले, “इतिहास शिकायला गेलीस की दारू?” तिला जे उत्तर दिले, तेच इथे सविस्तर मांडते.

३.
आधी लॅम्बिक म्हणजे काय ते पाहू. ब्रुसेल्स शहर, झेन नदीचे खोरे आणि लगतचा पायोटनलँड हा या बिअरचा मुलूख. माल्ट केलेले बार्ली आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू यांचा गोड काढा करतात. त्यात मुद्दाम जुने केलेले हॉप्स घालून तो तासन् तास उकळतात. जुन्या हॉप्सचा कडवटपणा उतरलेला असतो, पण नासवणाऱ्या जिवाणूंना रोखण्याचा गुण शिल्लक असतो. मग तो काढा परातीसारख्या उथळ, रुंद भांड्यात ओतून रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट कोणी घालत नाही. हवेतून आणि वास्तूतून जे सूक्ष्मजीव येतील, ते येतील. विरजण न लावता दही लावण्याचाच हा प्रकार. म्हणून हे काम थंडीत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळातच चालते. उन्हाळ्याच्या हवेत नको ते पाहुणे फार.

४.
सकाळी हा काढा लाकडी पिंपांत जातो आणि तिथे एक, दोन, तीन वर्षे राहतो. त्याच्यावर काम करणाऱ्या यीस्टपैकी एक ब्रेटानोमायसीस. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये ते इंग्लिश बिअरमधून ओळखले आणि त्याला ‘ब्रिटिश बुरशी’ अशा अर्थाचे नाव दिले. त्याच प्रयोगशाळेत १८८३ मध्ये हान्सेन यांनी शुद्ध, एकाच जातीचे यीस्ट वेगळे काढले होते आणि तेव्हापासून जगभरची बिअर नियंत्रित, एकसारखी होत गेली. लॅम्बिक मात्र त्या क्रांतीच्या बाहेर राहिली.

५.
आता या धाग्याचा नायक: मिश्रक. फ्लेमिश भाषेत त्याला ‘ग्यूझस्टेकर’ म्हणतात. तो स्वतः बिअर उकळत नाही. निरनिराळ्या ब्रुअऱ्यांकडून ताजा काढा विकत घेतो, स्वतःच्या तळघरातील पिंपांत मुरवतो, आणि मग एक, दोन व तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण करून बाटल्या भरतो. तरुण लॅम्बिकमध्ये साखर उरलेली असते, जुन्यात खोली आलेली असते. बंद बाटलीत दोघांची गाठ पडली की पुन्हा किण्वन होते आणि बिअर फेसाळते. हीच ग्यूझ. म्हणून तिच्यासाठी शँपेनसारखी जाड काचेची बाटली लागते, आणि भरल्यावर आणखी काही महिने थांबावे लागते.

६.
मिश्रकाचे कसब लिहून ठेवता येण्याजोगे नाही. एकाच दिवशी, एकाच काढ्याने भरलेली दोन शेजारची पिंपे वर्षभरात दोन स्वभावांची होतात. एकात सफरचंदाचा आंबूसपणा येतो, दुसऱ्यात ओल्या गवताचा आणि घोड्याच्या खोगिराचा वास. तिसरे सरळ व्हिनेगर होते आणि ओतून द्यावे लागते. प्रमाणाचा तक्ता नसतो. दर वेळी पिंपामागून पिंप चाखत जायचे आणि ठरवायचे.

७.
इथे माझ्या प्रबंधातील तांबे येते. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीला बाहेरून तांबे मिळणे दुरापास्त झाले होते, आणि तोफगोळ्यांवरील पट्ट्यांसाठी ते हवेच होते. ब्रुअरीतील हंडे म्हणजे आयता साठा. ते उतरवून, तोडून नेले गेले. अशा ब्रुअऱ्यांपैकी एक ड्वॉर्प गावातील हान्सेन्स घराण्याची. गावचे महापौर राहिलेले बार्थोलोमे हान्सेन्स यांनी ती १८९६ मध्ये सुरू केली होती. युद्धात त्यांचे तांबे गेले आणि बिअर उकळणे बंद पडले.

८.
व्यवसाय मात्र संपला नाही. हान्सेन्स आधीपासून लॅम्बिकचे मिश्रण करत होते. युद्धानंतर त्यांनी नवे हंडे घेतले नाहीत. दुसऱ्यांकडून काढा घेऊन मुरवणे आणि मिसळणे हाच व्यवसाय केला. ते घर चौथ्या पिढीत आजही ग्यूझ आणि चेरीची क्रीक करते. स्ट्रॉबेरी घातलेली त्यांची ‘औडबेट्ये’ जाणकारांत प्रसिद्ध आहे. जप्तीच्या हिशेबात ब्रुअरीची किंमत तांब्याच्या किलोंमध्ये मोजली जाई. तळघरातील पिंपे आणि ती चाखणारी जीभ यांसाठी त्या हिशेबात रकानाच नव्हता. म्हणून ती वाचली.

९.
ड्वॉर्प आज प्रशासकीयदृष्ट्या बेअर्सेल नगरपालिकेतच मोडते. तेव्हा पुन्हा बेअर्सेलला जाऊ. ‘ड्री फोंतेइनन’चे मूळ १८८७ पर्यंत मागे जाते. त्या काळी या भागातील अनेक कॅफेमालक स्वतःच्या तळघरात स्वतःची ग्यूझ मिसळत. १९५३ मध्ये गास्तों डेबेल्डर आणि रेमोंद या दांपत्याने हा कॅफे घेतला. १९८२ मध्ये पुढची पिढी आली: एका भावाने उपाहारगृह सांभाळले, तर आर्मां यांनी पिंपे.

१०.
तो काळ कठीण होता. लोकांची जीभ गोड झाली होती. बाजारात साखर घातलेली, पाश्चराइझ केलेली फळांची बिअर ‘लॅम्बिक’च्याच नावाने खपत होती आणि आंबट, कोरडी ग्यूझ म्हाताऱ्यांचे पेय ठरत होती. मिश्रणगृहे एकेक करून बंद पडत होती. १९९७ मध्ये या बिअरच्या कारागिरांनी ‘होराल’ ही संघटना स्थापन केली. आर्मां तिच्या संस्थापकांपैकी एक होते. त्याच वर्षी युरोपीय संघाने लॅम्बिक व ग्यूझला पारंपरिक उत्पादन म्हणून संरक्षण दिले. ‘जुनी’ अशा अर्थाचा ‘औडे’ हा शब्द ग्यूझच्या बाटलीवर लावायचा, तर मिश्रणातील सर्वांत जुनी लॅम्बिक किमान तीन वर्षांची हवी.

११.
पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आर्मां यांनी उलटी उडी घेतली: मिश्रक असून स्वतःची ब्रुअरी उभारली. मिश्रणगृहे मिटत असताना लॅम्बिकसाठी नवा हंडा चढवणे हे धाडसच. तरीही ते इतरांकडून काढा घेतच राहिले, कारण एकाच घरच्या लॅम्बिकने ग्यूझला जी गुंतागुंत येत नाही, ती अनेक घरच्या लॅम्बिकने येते. आणि मग आला २००९ चा मे.

१२.
आता थोडा हिशेब करू. २००९ मध्ये विक्रीला तयार असलेल्या बाटलीत किमान तीन वर्षांची लॅम्बिक होती. त्यावर बाटलीतले महिने. म्हणजे त्या गोदामात जे नष्ट झाले, ते निदान २००५ च्या आसपासच्या हिवाळ्यापासूनचे काम होते. एखाद्या साध्या बिअर कारखान्याचा साठा जळाला, तर काही आठवड्यांत तो पुन्हा भरता येतो. इथे मात्र उद्या सकाळी पैसे हातात आले असते, तरी २००५ चा हिवाळा कुठून विकत आणणार?

१३.
हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, तेव्हा मला माझा विषय नव्याने दिसला. ड्वॉर्पमध्ये हंडे गेले, मुरलेला माल राहिला, आणि घर तरले. बेअर्सेलमध्ये हंडे जागेवर होते, मुरलेला माल गेला, आणि घर बुडण्याच्या बेतास आले. आर्मां यांना पुढे भाड्याची यंत्रसामग्रीही सोडून द्यावी लागली आणि ते पुन्हा निव्वळ मिश्रक झाले. मिश्रणगृहाचे भांडवल तांब्यात नसते. ते असते आधीच घालवलेल्या काळात. ही गोष्ट जप्तीच्या हिशेबात सापडत नाही, आणि विम्याच्या कागदातही मावणे कठीण.

१४.
मग ते तरले कसे? शिजलेल्या बाटल्या उघडून रिकाम्या करायला स्वयंसेवक आले. त्या बिअरचे ऊर्ध्वपातन करून ‘आर्मांस्पिरिट’ नावाचे मद्य काढण्यात आले. ज्याची ग्यूझ होऊ शकत नव्हती, त्याचा निदान अर्क विकला गेला. इतर ब्रुअऱ्यांकडून काढा घेऊन पिंपे पुन्हा भरणे, ही मिश्रकाची जुनी रीत पुन्हा कामी आली. पुढे चार ऋतूंच्या नावांनी चार ग्यूझ आल्या: वसंत, ग्रीष्म, शरद आणि शिशिर. काही वर्षांत ब्रुअरी पुन्हा उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेजारच्या लोट गावात मोठी जागा सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये आर्मां यांचे निधन झाले. तोवर पुढच्या हातांत काम सोपवून झाले होते.

१५.
बिअरविषयी न लिहिता धागा संपवला, तर आईचा प्रश्न चुकवल्यासारखे होईल. त्यांची ‘औडे ग्यूझ’ पहिल्या घोटाला लिंबासारखी आंबट लागते. मग द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा, लाकूड, आणि शेवटी अगदी कोरडी जीभ. गोडवा शोधू नये. तीन वर्षांत यीस्टने तो जवळजवळ सगळा खाल्लेला असतो. ‘औडे क्रीक’मध्ये आंबट चेरी भिजत घातलेल्या असतात, आणि बियांमुळे किंचित बदामाची छटा येते. ‘हॉमाज’ ही वडील गास्तों यांच्या स्मरणार्थ केलेली, रासबेरी आणि चेरीची.

१६.
माझी आवडती मात्र ‘डूस्येल’. नावाचा अर्थ साधारण ‘डुलकी लागलेली’. मिश्रण बाटलीत गेले, पण किण्वन सुरू व्हायचे ते झालेच नाही. फेस आला नाही. रूढ अर्थाने फसलेली ग्यूझ. तिथे ती ओतून न देता, झोपी गेलेली म्हणून, तिच्याच नावाने विकली गेली. फेसाविना तिच्यात लाकूड आणि फळ अधिक स्पष्ट लागते.

१७.
हे सगळे मला इतके जवळचे का वाटले, तेही सांगते. माझ्या पदवीची दोन वर्षे महामारीत एका खोलीत गेली; पुढचे एक वर्ष प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या प्रतीक्षेत. पंचविशीत नातेवाईक हिशेब मांडतात: तिची नोकरी लागली, त्याचे घर झाले, तुझे काय? त्यांच्या यादीत हंडे मोजले जातात. दाखवण्यासारखा एकही हंडा माझ्याकडे नाही.

१८.
पण इथे मला सोपा दिलासा घ्यायचा नाही. प्रत्येक पिंप मुरत नाही. काही नासतात, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. नुसते थांबणे म्हणजे मुरणे नव्हे. फरक कळतो तो अधूनमधून बूच काढून चाखणाऱ्याला, आणि व्हिनेगर झालेले पिंप ओतून देण्याची तयारी असणाऱ्याला. मीही त्या तीन वर्षांतील काही कल्पना ओतून दिल्या आहेत. प्रबंधाचा आराखडा बदलला आहे: आता त्यात नेलेल्या तांब्याच्या यादीबरोबर, तांबे गेल्यावर मागे राहिलेल्यांनी काय केले, हे प्रकरणही असेल.

१९.
मराठीत आपण लोणचे मुरले म्हणतो, आवाज मुरला म्हणतो, माणूसही मुरलेला म्हणतो. तिन्ही वेळा कौतुक असते ते मागे गेलेल्या काळाचे. बेअर्सेलच्या तळघरातील व्यवसाय मला याच क्रियापदात समजला. कधी ब्रुसेल्सला येणे झाले, तर दक्षिणेकडे झेनच्या खोऱ्यात जरूर उतरा. प्यायची नसेल, तरी पिंपांमधून एक फेरी मारा; वासानेच बरेच कळते.

२०.
धागा इथे संपतो. पुढचा धागा याच जप्तीतून उतरवल्या गेलेल्या इतर धातूंवर लिहीन. काही विचारायचे असल्यास अवश्य विचारा, आणि घरी कुणी ‘वर्षे वाया गेली’ म्हणत असेल, तर त्यांना १२ क्रमांकाचा हिशेब वाचून दाखवा.