आठवारी आणि चंची

कमरेला काय गुंडाळावे याविषयी आमच्या घराण्यात तीन पिढ्या एकमत झालेले नाही. आजोबा धोतर नेसत. वडील कचेरीत पाटलोण आणि घरी धोतर. मी निवृत्त झाल्यापासून लेंग्यावर आलो आहे. तेव्हा वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एडिंबरोतल्या एका दुकानात, भिंतभर आरशासमोर, गुडघे उघडे टाकून मी उभा राहीन असे भविष्य कुणी वर्तवले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती.

पण कारणच तसे होते. कन्येचे लग्न, आणि जावई स्कॉटिश. ही बातमी तिने फोनवर दिली तेव्हा मी “विचार कर” एवढेच म्हणालो आणि फोन तिच्या आईच्या हातात दिला. पुढे दोन वर्षे आम्ही बापलेक दर रविवारी हवेवर बोललो. “पाऊस आहे का ग?” “आहे, बाबा.” स्कॉटलंडात या प्रश्नाचे उत्तर फारसे बदलत नाही, त्यामुळे आमचे संभाषण टिकायला त्या देशाची फार मदत झाली. भांडण झाले नाही. झाले असते तर बरे, असे मला पुढेपुढे वाटू लागले.

लग्नात कुणी काय घालायचे हे ठरत होते, तेव्हा ती आईला म्हणाली, “बाबांना सूट चालेल. त्यांना काही सांगू नकोस.” मी पलीकडच्या खोलीत होतो. ते शेवटचे वाक्य मला रात्रभर ऐकू येत राहिले. सकाळी चहाच्या वेळी मी म्हणालो, “व्याही जे घालतील तेच मी घालीन म्हणून कळव.” सौभाग्यवतीने बशी खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग कळवले.

एडिंबरोच्या किल्ल्यापासून उतरत जाणारा जुना रस्ता आहे, रॉयल माइल. तिथे किल्टची दुकाने आपल्याकडच्या लक्ष्मी रोडवरील साड्यांच्या दुकानांसारखी एकाला एक लागून. आमच्या दुकानातला म्हातारा शिंपी गळ्यात टेप टाकूनच जन्माला आला असावा. त्याने मला काळपट निळ्या-हिरव्या चौकड्याचा किल्ट दिला. हा ‘ब्लॅक वॉच’, पलटणीचा चौकडा. तो कुठल्याही घराण्याचा माणूस घालू शकतो, म्हणजे आमच्याही. पुरुषाच्या भरदार किल्टला आठ वार कापड लागते असे कळताच सौ. म्हणाली, “म्हणजे आठवारीच की! एक वार कमी पडला म्हणून काष्टा राहिला.” निऱ्या पाठीमागे आणि पुढे सपाट पदर, ही मात्र तिला उघड चूक वाटली. शिंप्याला तिने तसे मराठीतच सांगितले. त्याने अदबीने मान डोलावली.

मुळात हा शिवलेला कपडा नव्हताच. डोंगरातले लोक लोकरीचे लांबलचक कापड जमिनीवर पसरून त्याच्या चुण्या पाडीत, त्यावर आडवे होऊन कमरेला पट्टा आवळीत आणि उरलेले खांद्यावर घेत. दिवसा वस्त्र, रात्री पांघरूण. आपल्या धनगराला हे समजावून सांगावे लागणार नाही. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरातल्या लोकांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी सरकारने या वेषावर बंदी घातली. ती १७८२ पर्यंत टिकली. आणि १८२२ साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला, तेव्हा तिथे वावरला तो स्वतःच किल्ट घालून, आत अंगाच्या रंगाचे तंग मोजे चढवून! बंदी घालणाऱ्यांच्या वारसाने तोच वेष घालून मिरवावे, ही मौज मला दुकानात उभे राहून फार आवडली. आपणही ‘विचार कर’ म्हणणाऱ्यांपैकीच होतो, हे ध्यानात येईपर्यंत आवडली.

किल्टनंतर फौजफाटा आला. गुडघ्याखाली दुमडलेले जाड लोकरी मोजे. ते घसरू नयेत म्हणून पट्टे, आणि त्या पट्ट्यांच्या रंगीत फितीची टोके दुमडीखालून डोकावणारी. जिभा नसलेले बूट. त्यांच्या नाड्या घोट्याभोवती गुंडाळून बांधायच्या. समोरच्या पदराच्या खालच्या कोपऱ्यात एक पिन, तीही वरच्याच पदराला. दोन्ही पदर एकत्र टोचले तर किल्टचा झोक बिघडतो. आणि उजव्या मोज्यात एक छोटी सुरी! राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती तिथल्या कायद्याला चालते. विमानात मात्र हातसामानात चालत नाही. “लग्नात सुरी कशाला?” असे मी विचारले. “व्याही आहेत ना,” सौ. म्हणाली.

हे सगळे शिंप्याने ठरवले आणि मी मुकाट्याने चढवले. अडलो तो स्पोरनपाशी.

किल्टला खिसा नसतो. म्हणून पुढे साखळीला एक पिशवी टांगायची. तीच स्पोरन, आणि तिकडच्या गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थही पिशवीच. पण तिच्यात जातिभेद फार. दिवसाची साध्या चामड्याची, तीन गोंड्यांची. रात्रीच्या मेजवानीची केसाळ, वर चांदीची नक्षीदार चौकट. दोहोंच्या मधली, चामड्याला पुढून केसाळ तुकडा लावलेली. दिवसाच्या लग्नाला हीच बहुतेक घेतात. आणि पाइप वाजवणाऱ्यांची पांढऱ्या घोड्याच्या केसांची, गुडघ्यापर्यंत झुलणारी. पूर्वी सीलची कातडी फार चाले. २००९ साली युरोपीय संघाने तिच्या व्यापारावर निर्बंध घातले, तेव्हापासून सशावर आणि गाईवर भागवतात. एडिंबरोच्या वस्तुसंग्रहालयात तर एका स्पोरनची चाप आहे, तिच्यात पिस्तुले लपवलेली आहेत. परक्या हाताने पिशवी उघडली की बार! आमच्या आजीचा बटवा जवळजवळ असाच होता.

शिंप्याने मधल्या जातीची पुढे केली. मी ती पोटाशी धरून पाहिली. एखादा ससा कडेवर घेऊन उभा आहे असे दिसले. आई असती तर तिने मला घरात घेण्यापूर्वी आंघोळ घातली असती. मी साधी, तपकिरी, बोटाला मऊ लागणारी उचलली. “बाबा, ती रोजची आहे,” कन्या म्हणाली. “लग्नाला थोडी भारी असू द्या.” मी म्हणालो, “हीच.” आणि बाकी सगळे भाड्याचे असताना ती मात्र विकत घेतली.

कारण मला तिला सांगता आले नाही, इथे सांगतो. माझ्या वडिलांपाशी एक चंची होती. पाने, सुपारी, कात, चुन्याची डबी, अडकित्ता, असा त्यांचा सारा संसार तिच्यात. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. माझे लग्न त्यांना पसंत नव्हते, हेही सांगून टाकलेले बरे. ते मांडवात आले, एका कडेच्या खुर्चीवर बसले, कुणाशी बोलले नाहीत. अक्षता पडल्यावर मी पाया पडायला गेलो. त्यांनी चंची सोडली, पान पुसले, विडा केला आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, “घे.” एवढेच. या विषयावर नंतर ते कधी एक अक्षर बोलले नाहीत, आणि मलाही गरज वाटली नाही.

लग्नाच्या सकाळी कन्येने स्वतः माझी साखळी मागून अडकवली. वासकुटाच्या शेवटच्या बटणाखाली चार बोटे मोजून स्पोरन मधोमध आणली. लहानपणी तिच्या शाळेच्या पट्ट्याला मी असाच एक घर घट्ट करीत असे. ती वळली न वळली तोच सौ. आली. पैठणीला खिसा कुठला? तिने आपला चष्मा, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि अक्षतांची पुडी माझ्या चंचीत कोंबली. वर एक ओलसर पुडके मी ठेवले. त्यात नागवेलीची पाने होती. ती एडिंबरोत एका बंगाल्याच्या दुकानात मिळाली. कशी मिळाली तो वेगळा निबंध होईल.

संध्याकाळी नाच होता. नाचाआधी पुरुषमंडळींनी स्पोरन कमरेच्या बाजूला सरकवल्या. समोर राहिली तर उडी मारताना नको तिथे आपटते. जावई मला बोलवायला आला. मी चंची उघडली, विडा काढला आणि त्याच्यापुढे धरला. “घे,” मी म्हणालो. त्याला मराठी येत नाही. त्याने घेतला, तोंडात घातला आणि दोन क्षणांत त्याचे डोळे पाण्याने भरले. चुना जरा जास्त झाला होता. पण त्याने तो थुंकला नाही.

कन्या भिंतीपाशी उभी राहून हे पाहत होती. मी तिच्याजवळ गेलो. काय बोलावे ते सुचेना.

“बाहेर पाऊस आहे का ग?”

“आहे, बाबा,” ती म्हणाली. माझी स्पोरन तिने बाजूला सरकवली आणि मला हाताला धरून नाचात नेले.