पोळं कोणाचं, ते आधी पाहा

दसरा सरला की घराघरांत साफसफाई निघते. माळे उतरवले जातात, छज्जे झाडले जातात, पावसाळाभर बंद राहिलेल्या खिडक्या उघडतात आणि माझा फोन वाजू लागतो. ‘गांधीलमाश्यांचं पोळं आहे, काय मारू?’ कीटकशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न दरवर्षी या दिवसांत येतो. माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो: मातीचं आहे, कागदी आहे की मेणाचं? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी काहीही मारायला सांगत नाही. तिन्ही घरट्यांतल्या रहिवाशांचा स्वभाव वेगळा, त्यांच्यापासूनचा धोका वेगळा, म्हणून उपायही वेगळा.

मातीचं घरटं कुंभारणीचं. ही माशी एकटी राहते. तिला राणी नाही, कामकरी नाहीत, पहारेकरी नाहीत. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणायच्या, त्यांची कुपी किंवा नळी घडवायची, डंख मारून लुळी केलेली शिकार आत भरायची, अंडं घालायचं आणि तोंड लिंपून निघून जायचं, हा तिचा क्रम. बारीक लांब कमरेची, काळी-पिवळी कुंभारीण कोळी भरते; मडक्यासारखं घरटं करणाऱ्या तिच्या बहिणी बहुधा अळ्या भरतात. शिकार जिवंत पण निश्चल असते, त्यामुळे ती कुजत नाही आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लाला ताजं अन्न मिळतं. कोंडलेली अळी भृंगाच्या ध्यासाने स्वतःच भृंग होते, असा दृष्टान्त आपल्या संतसाहित्यात जागोजागी आहे. त्यामागचं निरीक्षण पक्कं होतं: आत जाताना अळी दिसायची आणि बाहेर पडताना माशी. मधल्या काळात बंद मातीआड काय घडतं, ते मात्र कुणाला दिसत नव्हतं.

कुंभारीण आपल्या घरट्याच्या रक्षणासाठी माणसावर धावून येत नाही. तिचं घरटं काढायची घाई नको. भिंत रंगवायचीच असेल तर आधी भोकं पाहावीत. प्रत्येक कप्प्याला गोल भोक पडलेलं असेल, तर पिल्लं उडून गेली आहेत. मग पत्र्याने खरवडून ओल्या फडक्याने पुसलं की झालं. अपवाद नळ्यांचा आणि विजेच्या उपकरणांचा. एसीची पाण्याची नळी, गिझरचा पाइप, इन्व्हर्टरची जाळी, प्लगची भोकं या जागा तिला आवडतात. तिथली माती काढलीच पाहिजे, आणि प्लगमधली काढताना आधी मेन स्विच बंद. हे किरकोळ वाटत असेल तर १९९६ सालचा एक अपघात सांगतो. ६ फेब्रुवारीला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून उडालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि त्यातले सर्व १८९ जण गेले. विमानाचा वेग मोजणारी नळी तुंबली होती आणि ती बहुधा कुंभारणीच्या घरट्याने तुंबली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. काही दिवस उभ्या असलेल्या त्या विमानाच्या नळ्यांवर झाकणं घातलेली नव्हती.

आता कागदी पोळं. छज्ज्याखाली, मीटरच्या पेटीत, कुंडीच्या मागे दिसणारी राखाडी, षटकोनी घरांची उघडी चकती ती ही. माशी वाळलेलं लाकूड खरवडते, लाळेत कालवते आणि त्याचा कागद करते. हे पाहून फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७१९ मध्ये सुचवलं होतं, की माणसालाही चिंध्यांऐवजी लाकडापासून कागद करता येईल. ही चकती एका बारीक देठावर लटकते आणि त्या देठाला माशी मुंग्यांना पळवून लावणारा स्राव फासते.

यातल्या एका साध्याशा तपकिरी माशीने भारतीय विज्ञानाला मोठं नाव मिळवून दिलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीवर अनेक दशकं संशोधन केलं. २००१ मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. या माशीची राणी सौम्य असते, दांडगाई करून राज्य करत नाही. ती गेली तर वारस कोण, हे आधी पाहून ओळखता येत नाही. राणी दूर होताच एक माशी एकदम आक्रमक होते आणि पुढे तीच राणी बनते. घरमालकाच्या कामाची गोष्ट पुढे आहे: दक्षिण भारतात ही माशी वर्षभर केव्हाही नवं पोळं सुरू करते. थंड देशांत हिवाळ्यात वसाहत मरते आणि फक्त फळलेल्या राण्या उरतात, म्हणून तिकडे ‘थंडीपर्यंत थांबा’ असा सल्ला देतात. तो सल्ला आपल्याकडे चालत नाही. काठीने पोळं पाडलं तरी माश्या जिवंत राहतात, जवळपास घोटाळतात आणि पुन्हा बांधायला घेतात.

तरीही, पोळं वर्दळीपासून दूर आणि हात पोहोचणार नाही इतकं उंच असेल, तर राहू द्या असंच मी सांगतो. या माश्या पिल्लांसाठी दिवसभर अळ्या आणि इतर किडे टिपून नेतात. परसातल्या भाजीला त्याचा फायदा होतो. दारावर, जिन्यात, मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा डंखाची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या घरी पोळं असेल, तर मात्र ते काढायला हवं.

काढायचं ते अंधार पडल्यावर. तेव्हा माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात आणि सहसा उडत नाहीत. अंगभर जाड कपडे, हातमोजे, चेहऱ्यावर जाळी हवी. विजेरी हातात धरू नये, बाजूला ठेवावी. बिथरलेली माशी उजेडाकडे झेपावते. पोळं तळहातापेक्षा लहान आणि जमिनीवर उभं राहून टप्प्यात येणारं असेल, तर लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन चमचे घालून फवारावं. साबणाचं पाणी अंगावरच्या श्वासरंध्रांत शिरतं आणि माशी गुदमरते. विजेच्या पेटीत मात्र पाणी नकोच. तिथे वायरमन लागतो. सकाळी पोळं काढून देठाची जागा घासून धुवावी. शिडी लागत असेल, तर ते काम आपलं नव्हे. आणि रॉकेलचा पेटता बोळा कधीही नाही. आगीने माश्या बिथरतात, जळते तुकडे खाली पडतात आणि शिडीवरचा माणूस जीव वाचवायला उडी टाकतो.

गांधीलमाश्यांत खरं भय मोठ्या जातींचं. काळ्या पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली मोठी गांधीलमाशी झाडाच्या ढोलीत, जमिनीतल्या बिळात, भिंतीच्या पोकळीत राहते. छोट्या गांधीलमाश्यांची पोळी लुटून त्यांची पिल्लं ती खाते. ती आली की घरच्या माश्या पोळं सोडून बाजूला बसतात. तिच्या भिंतीतल्या घराचं भोक सिमेंटने बुजवू नये, कोंडलेल्या माश्या वाट काढून खोलीत उतरू शकतात. इथे प्रशिक्षित माणूसच बोलवावा.

राहिलं मेणाचं पोळं. ते मधमाश्यांचं. इमारतीच्या कडेला लटकणारं आग्या मोहोळ अतिशय धोकादायक खरं, पण त्यावर विष मारणं म्हणजे हजारो परागवाहक संपवणं. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि मोहोळ न मारता हलवणारे लोकही राज्यात आहेत. सोसायट्यांनी त्यांना शोधावं.

डंख झालाच तर हातवारे न करता तिथून दूर जावं. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो लगेच काढावा. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही, पण पुन्हा पुन्हा डसते. सूज चढण्याआधी अंगठी-बांगड्या काढाव्यात, बर्फ लावावा. लोखंड घासत, चुना लावत वेळ घालवू नये. दम लागला, ओठ-घसा सुजला, अंगभर गांध्या उठल्या, चक्कर आली, तर तडक दवाखाना गाठावा. तिथे ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनने जीव वाचतो. मोठ्या गांधीलमाशीचे बरेच डंख बसले असतील, तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवावं. विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर होऊ शकतो आणि तो उशिरा दिसतो.

हा सगळा व्याप टाळायचा असेल, तर दर पंधरा दिवसांनी छज्जे आणि मीटरची पेटी पाहावी. सुरुवातीला एखादी-दुसरी माशी आणि चार-सहा घरं एवढंच असतं; माशी शिकारीला गेलेली असताना ते लांब दांड्याच्या झाडूने निघतं. यंदा साफसफाईत पोळं दिसलं, तर झाडू उचलण्याआधी दहा-पंधरा फुटांवर उभं राहून पाच मिनिटं पाहा: कशाचं आहे, किती माश्या आहेत, कुठून ये-जा करतात. त्या पाच मिनिटांत बहुतेक वेळा कळतं, की काही मारायची गरजच नाही. आणि जिथे गरज असते तिथे कुणाला बोलवायचं, तेही कळतं.