मोटर फिरते, कॅसेट फिरत नाही

प्लेचं बटण दाबलं की लाल दिवा लागायचा, मोटरची बारीक घरघर ऐकू यायची, पण कॅसेट जागची हलायची नाही. वडिलांचा हा जुना वॉकमन मला सुरू करायचाच होता. गावच्या भजनी मंडळाची त्यांनी टेप केलेली कॅसेट घरात होती आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. इलेक्ट्रॉनिक्समधलं मला काही कळत नाही. तरी एवढं लक्षात आलं, की मोटर फिरतेय म्हणजे वीज पोचतेय. बिघाड त्याच्या पुढे कुठेतरी आहे.

मागचं झाकण उघडायला घड्याळवाल्यांकडे असतो तसा बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर लागला. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे होते, म्हणून कागदावर वॉकमनचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावत गेले. आत मोटरच्या टोकाला छोटी कप्पी होती, पलीकडे एक जड चाक, आणि दोन्हींवर डांबरासारखा काळा, चिकट लगदा. हा लगदा म्हणजेच बेल्ट! मोटरची गती चाकापर्यंत नेणारं रबर इतक्या वर्षांत विरघळून गेलं होतं.

लगदा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड लागतात. हातमोजेही हवेत, कारण तो काळेपणा साबणाला दाद देत नाही. साफ करता करता यंत्र थोडं उमगू लागलं. जड चाक म्हणजे फ्लायव्हील, गती एकसारखी राखणारं वजन. त्याच्या मधोमध उभी असलेली गुळगुळीत पोलादी काडी म्हणजे कॅपस्टन. कॅसेटची दातेरी चाकं टेप ओढतात असं मी आजवर समजत होते. टेप ओढतात ते कॅपस्टन आणि त्याला टेकणारा पिंच रोलर, म्हणजे चिमटीत धरणारा रबरी रूळ. तेही सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने. दातेरी चाकांनीच ओढलं असतं, तर गुंडाळी जाड होत जाईल तसा टेपचा वेग वाढत गेला असता आणि भजन शेवटाकडे चढत गेलं असतं.

नव्या बेल्टसाठी कप्पी आणि चाकाभोवती दोरा फिरवून लांबी मोजली. बेल्ट ताणलेला राहायला हवा, म्हणून त्यातून 5 ते 10 टक्के कमी करायचे. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे गेले. “चौकोनी हवा की चपटा?” दुकानदारांनी विचारलं. लगद्यावरून ते कसं ओळखणार? मी फोनमधला कप्पीचा फोटो दाखवला. “खाच आहे ना, मग चौकोनीच,” ते म्हणाले. बेल्टचा आकार कप्पीच सांगते.

नवा बेल्ट चढवला आणि आधी एक साधी, गेली तरी चालेल अशी कॅसेट लावली. चाकं फिरली, पण आवाज घोंगडीखालून यावा तसा दबका. हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, तपकिरी थर बसला होता. तो टेपवरून सुटलेला लोहाचा ऑक्साइड. गाणं टेपवर साठतं ते याच लेपात. अल्कोहोलने हेड हलक्या हाताने पुसलं आणि झांजा मोकळ्या झाल्या.

मग भजनाची कॅसेट लावली, तर सगळे घाईत गात होते. मंडळाच्या पेटीवाल्या काकांना फोनवरच ऐकवलं. “अगं, आम्ही काळी एकमध्ये गायचो. हे पांढरी दोनला गेलंय,” ते लगेच म्हणाले. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेग सुमारे 6 टक्के जास्त. या वॉकमनच्या मोटरच्या पाठीवरच्या भोकात वेगाचा स्क्रू होता. त्याची मूळ जागा खुणेने टिपून तो अगदी किंचित फिरवत गेले, काकांनी “आता बरोबर” म्हणेपर्यंत.

घरातला बंद वॉकमन भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. दोष बहुधा बेल्टचाच असतो. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, ते पाझरले की त्यांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या खातात. आणि कॅसेट एकुलती एक असेल, तर वॉकमन सुरू होईल त्याच दिवशी हेडफोनच्या खाचेतून तार जोडून तिची कॉम्प्युटरवर नक्कल करून घ्या. नवा बेल्टही रबराचाच असतो.