चार ट्रॅकची कॅसेट

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कारकिर्दीचे टप्पे सांगायला बसलं की यादी आपोआप तयार होते. १९७५चा ‘बॉर्न टू रन’, १९८४चा ‘बॉर्न इन द यूएसए’, १९९४चं ऑस्कर, १९९९मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, २०१६मध्ये ओबामांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. यादी खरी आहे, पण माझ्यासारख्या ध्वनिमुद्रकाला ती अपुरी वाटते. माझी सगळी नोकरी स्टुडिओच्या काचेअलीकडे, मिक्सरपुढे बसून झाली. तिथून पाहताना मला या माणसाचा सर्वांत मोठा निर्णय एका कॅसेटबद्दलचा वाटतो. घरात केलेलं कच्चं ध्वनिमुद्रण हाच आपला पक्का अल्बम, असं त्याने १९८२ साली ठरवलं. आधीची दहा वर्षं पाहिली की या निर्णयाचं वजन कळतं.

न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्ड गावात, कामगारवस्तीत तो वाढला. वडिलांची नोकरी टिकत नसे. आई एका वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी होती आणि घर तिच्याच पगारावर चाले. तिने ६० डॉलर कर्ज काढून मुलाला गिटार घेऊन दिली. २ मे १९७२ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंड यांच्यासमोर त्याने एकट्याने गिटारवर गाणी म्हणून दाखवली. बॉब डिलनला करारबद्ध करणारे तेच हे हॅमंड. करार झाला, १९७३मध्ये दोन अल्बम आले, आणि दोन्ही फारसे खपले नाहीत. तिसरा चालला नाही तर कंपनी हात काढून घेणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

म्हणून ‘बॉर्न टू रन’ हे एक गाणं करायला त्याला सुमारे सहा महिने लागले. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लॉव्हेल्टच्या एका छोट्या स्टुडिओत सोळा ट्रॅकच्या टेपवर गिटारीवर गिटार चढत होती. निर्माता फिल स्पेक्टरसारखा भरगच्च, भिंतीसारखा उभा राहणारा आवाज त्याला हवा होता. सोळा ट्रॅक भरले की काही ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवी वाद्यं घालायची. हे काम केलेल्या माणसालाच त्यातला धोका कळतो, कारण एकदा एकत्र उतरवलेलं पुन्हा सुटं करता येत नाही. पुढे जॉन लँडाऊ सहनिर्माता म्हणून आला, काम मॅनहॅटनच्या रेकॉर्ड प्लँटमध्ये हललं आणि मिक्सरवर तरुण जिमी आयोव्हीन बसला. ‘जंगललँड’मधला क्लॅरेन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन बसवायला सोळा तास लागले. सगळं संपल्यावर पहिली तबकडी ऐकून स्प्रिंगस्टीन इतका वैतागला की ती त्याने हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात फेकून दिली. अल्बम २५ ऑगस्ट १९७५ला आला आणि दोन महिन्यांनी ‘टाइम’ व ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात त्याला मुखपृष्ठावर घेतलं.

लगेच पुढच्या वर्षी मॅनेजर माइक अपेलशी कोर्टात वाद सुरू झाला आणि १९७७च्या मेमध्ये तडजोड होईपर्यंत त्याला लँडाऊबरोबर ध्वनिमुद्रण करता आलं नाही. मग ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’च्या वेळी ड्रमच्या आवाजावर दिवसच्या दिवस गेले. ड्रमवर काठी आपटल्याचा आवाज ऐकू येतोय, ड्रमचा येत नाही, ही त्याची तक्रार होती. १९८०चा ‘द रिव्हर’ त्याचा पहिला क्रमांक एकचा अल्बम झाला. म्हणजे बत्तिशी गाठण्याआधीच त्याला वाट्टेल तेवढा स्टुडिओ आणि वाट्टेल तेवढा वेळ मिळू शकत होता. नेमक्या अशा वेळी तो घरी बसला.

‘रिव्हर’चा दौरा संपल्यावर त्याने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकला भाड्याने घर घेतलं होतं. गाणी स्टुडिओत रचण्यात भरमसाट पैसा जातो, तेव्हा ती आधी घरी पारखून मग बँडला शिकवावीत, एवढाच त्याचा हिशेब होता. गिटारी सांभाळणाऱ्या माइक बॅटलनला त्याने एखादं साधं यंत्र आणायला सांगितलं. बॅटलनने टीॲक कंपनीचं टॅस्कॅम पोर्टास्टुडिओ १४४ आणलं. हे १९७९मध्ये बाजारात आलेलं यंत्र साध्या कॅसेटवर चालायचं. कॅसेटच्या फितीवर दोन बाजूंचे मिळून चार पट्टे असतात. पोर्टास्टुडिओ ते चारही एकाच दिशेने वापरायचं आणि फीत नेहमीच्या दुप्पट वेगाने पळवायचं, त्यामुळे तार सप्तकातला आवाज थोडा स्वच्छ येई. सोबत शुअर कंपनीचे दोन साधे माइक होते. यापलीकडे स्टुडिओ नव्हता.

जानेवारी १९८२मध्ये बहुतेक गाणी तिथे झाली. गिटार आणि गळा एकदम मुद्रित व्हायचा, उरलेल्या ट्रॅकवर हार्मोनिका, दुसरी गिटार किंवा दुसरा आवाज. मग हे सगळं एकोप्लेक्स नावाच्या टेपच्या प्रतिध्वनी-यंत्रातून जाऊन एका जुन्या पॅनासॉनिक टेपरेकॉर्डरवर उतरलं. तो रेकॉर्डर एकदा पाण्यात भिजलेला होता. तयार झालेली कॅसेट स्प्रिंगस्टीन कित्येक दिवस डबीशिवायच जीन्सच्या खिशात घेऊन फिरत होता.

एप्रिल-मेमध्ये न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत बँडसह तीच गाणी पुन्हा करायला घेतली. वादक उत्तम, स्टुडिओ उत्तम, ध्वनिमुद्रक टोबी स्कॉटसारखा. काही गाणी तिथे उजळली, पण त्या कॅसेटचा गाभा असलेली गाणी मोठी झाली आणि हलकी पडली. त्या गाण्यांतली माणसंच तशी होती. टेरेन्स मॅलिकच्या ‘बॅडलँड्स’ चित्रपटामुळे स्प्रिंगस्टीन चार्ल्स स्टार्कवेदरच्या कहाणीपर्यंत पोचला होता. १९५८च्या आसपास नेब्रास्का आणि वायोमिंगमध्ये माणसं मारत सुटलेला तो पोरगा. त्याच्या शेजारी कारखाना बंद पडलेला कामगार, कर्जात बुडालेला तरुण, सरहद्दीवर भावाला निसटू देणारा पोलीस. अशी माणसं मोठ्याने बोलत नाहीत.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गाताना गिटार वाजली की गिटारचा आवाज गळ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि गळ्याचा गिटारच्या माइकमध्ये. याला आम्ही लीकेज म्हणतो आणि दोष मानतो, कारण मग एकाला हात लावला की दुसरं बिघडतं. पण याच लीकेजमुळे त्या घरातल्या ध्वनिमुद्रणात कुणाला ढवळाढवळ करता आली नाही. ओळ बदलायची तर अख्खं गाणं पुन्हा म्हणावं लागे. ताडदेवच्या स्टुडिओत शंभर-शंभर वादक आणि गायक एकाच वेळी मुद्रित होत त्या काळात मुंबईच्या गाण्यांतही ही एकसंधता होती. पुढे सुटे ट्रॅक आले, सोय झाली, आणि गायकाला वादकांचा श्वास ऐकू येईनासा झाला. मी दोन्ही पद्धतींनी काम केलं आहे आणि माझा कल पहिलीकडे आहे, हे लपवत नाही.

कॅसेट तशीच काढायचं ठरल्यावर खरी कसरत सुरू झाली. एवढा दबका, खरखरीचा आवाज लाँग प्लेच्या तबकडीवर नीट कोरला जाईना. एकामागून एक मास्टरिंगवाल्यांनी हात टेकले. फक्त कॅसेट म्हणूनच विकावा, असाही विचार झाला. शेवटी अटलांटिक स्टुडिओच्या डेनिस किंगने आवाजाची पातळी खाली ठेवून तो तबकडीवर उतरवला. ‘नेब्रास्का’ ३० सप्टेंबर १९८२ला आला. त्यासाठी दौरा झाला नाही. ‘अटलांटिक सिटी’च्या व्हिडिओत गायक स्वतः दिसतही नाही. तरी तो अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.

याच घरगुती ध्वनिमुद्रणांत ‘बॉर्न इन द यूएसए’ हे गाणंही होतं, एकट्या गिटारवरचं, कडवट. बँडसह पॉवर स्टेशनमध्ये ते दणदणीत झालं. मॅक्स वाइनबर्गचा स्नेअर ड्रम तोफेसारखा आला आणि त्याच नावाचा १९८४चा अल्बम जगभरात सुमारे तीन कोटी खपला. त्यातली सात गाणी पहिल्या दहांत पोचली. पण व्हिएतनामहून परतलेल्या, कुणालाच नको असलेल्या सैनिकाचं हे गाणं लोकांनी देशाभिमानाचं म्हणून ऐकलं. १९ सप्टेंबर १९८४ला निवडणुकीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटनला भाषणात स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर तो म्हणाला की अध्यक्षांचा आवडता अल्बम कोणता असावा याचा मी विचार करतोय, ‘नेब्रास्का’ नसावा. आणि त्याच अल्बममधलं ‘जॉनी ९९’ गायला लागला. १९९५नंतरच्या एकट्याच्या दौऱ्यात त्याने ‘बॉर्न इन द यूएसए’ पुन्हा नुसत्या गिटारवर आणलं. शब्द तेच होते, पण ते ऐकून कुणी झेंडा फडकवावा अशी सोय त्यात उरली नव्हती. ध्वनीने अर्थ किती फिरतो याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

३० सप्टेंबर १९८८ला तो दिल्लीत गायला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्क दौऱ्यात स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि युसू एन’दूर यांच्यासह जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. पुढच्याच वर्षी त्याने बँड मोडला. चार वर्षांनी ‘फिलाडेल्फिया’ चित्रपटासाठीचं गाणं त्याने ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर केलं, तेही घरी. त्यालाच ऑस्कर मिळालं. नंतर बँड परत आला, २००२चा ‘द रायझिंग’ आला, ब्रॉडवेवर २३६ प्रयोग झाले, २०२१ साली त्याने आपल्या गाण्यांचे हक्क सोनीला विकले. यातलं बरंच मला आवडतं, पण त्या कॅसेटच्या जवळ काही जात नाही.

२०२५मध्ये ‘नेब्रास्का’च्या जन्मावर चित्रपट आला, आणि ऑक्टोबरमध्ये १९८२ची बँडसह केलेली ध्वनिमुद्रणं ‘इलेक्ट्रिक नेब्रास्का’ नावाने पहिल्यांदा अधिकृतपणे बाहेर पडली. मी ती ऐकली. वाजवणं पक्कं आहे, आणि १९८२ साली ती बाजूला ठेवणं बरोबरच होतं. वाचकांनी हेडफोन लावून आधी घरातली ‘अटलांटिक सिटी’ ऐकावी, मग बँडची. आणि माझ्या धंद्यातल्या तरुणांना एक विनंती: गायकाने घरून मोबाइलवर करून आणलेलं स्क्रॅच (कच्चं ध्वनिमुद्रण), पक्कं गाणं झालं म्हणून पुसू नका. अंतिम मिक्सशेजारी ते लावा आणि दोन्ही निर्मात्याला ऐकवा.