रडं थांबतं तेवढ्यात

मोठ्या माणसाला सांगता येतं, ‘श्वास घ्या, धरा, सोडा.’ दीड वर्षाच्या पोराला काय सांगणार? एक्स-रेच्या टेबलावर आडवं करताच ते भोकाड पसरतं. मग त्या भोकाडाचीच लय धरायची. लांबलचक रडं संपून पोर श्वास आत ओढतं, तेवढ्यात बटण दाबायचं.

हे मला उशिरा कळलं. शिकत असताना एका बाळाच्या मानेची बाजूची प्लेट बघून मी ‘घशामागे सूज, पू असण्याची शक्यता’ असं लिहून मोकळी झाले होते. आमच्या टेक्निशियन काकांनी प्लेट पुन्हा उजेडावर लावली. ‘मॅडम, बाळ रडत होतं, मानही पुढे झुकलीय. परत काढू?’ खांद्याखाली चादरीची घडी, मान किंचित मागे, श्वास आत जाताना बटण. नव्या प्लेटवर सूज नव्हतीच. श्वास सोडताना किंवा मान वाकल्यावर लहान मुलांच्या घशामागचा मऊ भाग जाड दिसतो, हे मी वाचलेलं होतं. बघितलं त्या दिवशी.

आम्ही बघतो ती खरं तर हवा. प्लेटवर ती काळी उमटते, तिच्या कडेवरून नळी ओळखायची. तान्ह्या बाळाची श्वासनळी जेमतेम ४-५ मिलिमीटर रुंद. ४ मिलिमीटरच्या नळीला आतून चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर रुंदी निम्मी होते, पण हवेला होणारा अडथळा संथ श्वासातही १६ पट.

श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा मात्र प्लेटवर उमटत नाही. म्हणून दाणा सोडून कोंडलेली हवा शोधायची. पोराला आधी एका कुशीवर निजवायचं, मग दुसऱ्या. खालचं फुफ्फुस एरवी दबून लहान होतं. दाण्यामागे हवा अडकली असेल तर ते फुगलेलंच राहतं. आईला शिशाचा एप्रन घालून जवळ उभं करायचं. त्याआधी दिवस गेलेत का, एवढं विचारायचं.

अशाच एका आईनं एप्रनचे बंद बांधताना सांगितलं, ‘दाणे खाताना ठसका लागला, मग आपोआप थांबला.’ दोन्ही कुशींच्या प्लेटा स्वच्छ आल्या. मी लिहिलं, ‘प्लेट नॉर्मल. दाणे खाताना ठसका लागल्याचं आई सांगते. दुर्बिणीनं बघावं.’

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीनं काढलेला अर्धा दाणा औषधाच्या बाटलीत आला. मी त्या प्लेटा परत काढून बघितल्या. आता जागा ठाऊक होती, तरी काही दिसलं नाही.